तारा दिसला म्हणजे ‘स्टार ऑफ इंडिया’ नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुन्या घरगुती वस्तूंवरील आपल्या सदरात नुकतेच एका पदकाचे छायाचित्र आले. खाली ओळ होती : ‘रावसाहेब या किताबाबरोबर मिळालेला स्टार ऑफ इंडिया’. शेजारच्या चौकटीत असे पदक चिंच आणि मीठ लावून लख्ख करावे, असा सल्ला होता. ओळ चुकली आहे, पण ती पुढच्या अंकात दुरुस्त करता येईल. चौकटीचे तसे नाही. तो सल्ला कोणी मनावर घेतला, तर वस्तूचे झालेले नुकसान भरून काढता येत नाही.

छायाचित्रात पाच कोनांचा किरणयुक्त तारा आहे, वर मुकुट, मध्यभागी राजाचा चेहरा. हा पाचव्या जॉर्जने १९११ साली सुरू केलेला किताबाचा बिल्ला, म्हणजे टायटल बॅज. दिवाणबहादूर, रावबहादूर, खानबहादूर, रावसाहेब, खानसाहेब हे किताब त्याच्याबरोबर येत. त्याचे तीन वर्ग होते आणि वर्ग फितीवरून कळतो. पहिला वर्ग दिवाणबहादुरांचा, त्याची फीत फिकट निळी आणि कडा गडद निळ्या. दुसरा रावबहादूर-खानबहादुरांचा, तांबडी फीत आणि गडद तांबड्या कडा. तिसरा रावसाहेब-खानसाहेबांचा, गडद निळी फीत आणि फिकट निळ्या कडा. आपल्या छायाचित्रातली फीत तांबडी आहे. म्हणजे एक तर ते गृहस्थ रावबहादूर होते आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांना एक पायरी खाली उतरवले, किंवा मूळ फीत जाऊन कोणी दुसरी लावली. याचा निकाल घरच्या घरी लागतो, कारण किताबाचे नाव बिल्ल्याच्या मध्यभागाभोवती इंग्रजी अक्षरांत असते. भिंगाखाली वाचावे. मागची बाजूही पाहावी. नाव आणि तारीख कोरलेली असेल तर ती तिथे सापडते.

खरा स्टार ऑफ इंडिया वेगळा. ही ऑर्डर, म्हणजे मान दिलेल्या सभासदांचा संघ, व्हिक्टोरिया राणीने १८६१ साली स्थापन केली. आरंभी वर्ग एकच आणि सरदार (नाइट) फक्त २५. १८६६ मध्ये तीन वर्ग झाले : नाइट ग्रँड कमांडर, नाइट कमांडर आणि कंपॅनियन. आद्याक्षरांनी जीसीएसआय, केसीएसआय, सीएसआय. चिन्हात ऑनिक्स दगडावर कोरलेला राणीचा चेहरा, त्याभोवती फिकट निळ्या मीन्याची (धातूवर बसवलेल्या रंगीत काचेची) लंबगोल पट्टी, पट्टीवर ‘हेवन्स लाइट अवर गाइड’ हे ब्रीद, आणि वर पाच कोनांचा तारा. फीत फिकट निळी, कडा पांढऱ्या. पुढे एडवर्ड आले, जॉर्ज आले, तरी चेहरा व्हिक्टोरियाचाच राहिला. एवढे एक ध्यानात ठेवले तरी निम्मे घोटाळे मिटतात. मध्यभागी दाढीवाला राजा असेल तर वस्तू स्टार ऑफ इंडिया नाही.

शिवाय ही चिन्हे सरकारची मालमत्ता समजली जात. धारक वारल्यावर ती परत करावी लागत. नियम सगळ्यांनी पाळलाच असे नाही, पण खरी चिन्हे घराघरांत का सापडत नाहीत त्याचे मुख्य कारण हेच. वकील, गिरणीचे अधिकारी, नगरपालिकेचे सभासद, मामलेदार अशा घरांत तारा सापडला, तर तो बहुधा किताबाचाच असतो.

दुसरी ऑर्डर ‘इंडियन एम्पायर’, स्थापना १८७८. हिचे चिन्ह म्हणजे पाच पाकळ्यांचा लाल मीन्याचा गुलाब, मध्ये पुन्हा व्हिक्टोरिया, आणि गडद निळी फीत. सुरुवातीच्या चिन्हात पाच पाकळ्यांवर ‘इंडिया’ या शब्दाचे एकेक इंग्रजी अक्षर होते. पुढे चिन्ह लहान केले तेव्हा अक्षरे गेली. त्यामुळे अक्षरे असलेला गुलाब हा पहिल्या काळातला, असे बेधडक म्हणता येते. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले हे या ऑर्डरचे कंपॅनियन, म्हणजे सीआयई होते. कंपॅनियनला ‘सर’ लावता येत नाही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १९११ मध्ये केसीआयई, म्हणजे नाइट कमांडरचा वर्ग, मिळाली, म्हणून ते ‘सर’ झाले. आपल्याकडच्या स्मरणिकांमधून सीआयईवाल्यांनाही सर्रास ‘सर’ करून टाकलेले दिसते.

ऑर्डर आणि पदक यांतला फरक सांगितल्याशिवाय पुढचे उलगडणार नाही. पदक कामगिरीचे किंवा मोहिमेचे. ऑर्डर म्हणजे सभासदांचा संघ : त्याचा प्रमुख राजा, त्याची घटना, त्याची ठरलेली सभासदसंख्या आणि त्याचा गणवेश. मुळात हे गणवेशच होते. धर्मयुद्धांच्या काळात टेम्पलर पांढऱ्या झग्यावर तांबडा क्रूस शिवत, हॉस्पिटलर काळ्यावर पांढरा, ट्यूटॉनिक पांढऱ्यावर काळा. धातू नाही, नुसते कापड. पुढे राजांनी आपापले संघ काढले. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डचा गार्टर १३४८ चा, सभासद अवघे २४, शिवाय राजा आणि युवराज. बर्गंडीच्या फिलिपने १४३० मध्ये ब्रूज इथे ‘गोल्डन फ्लीस’ स्थापन केला. त्याच्या गळ्यातल्या साखळीत चकमक आणि गारगोटी आलटून पालटून गुंफलेल्या आणि खाली मेंढ्याचे लोंबते सोनेरी कातडे. चिन्हांच्या आखणीत इतके देखणे काम पुढे क्वचितच झाले.

छातीवरचा तारा त्यानंतरचा. गार्टरच्या सरदारांनी झग्यावर क्रूस लावावा असा हुकूम पहिल्या चार्ल्सने काढला, त्या क्रुसाभोवती चांदीचे किरण आले आणि तारा तयार झाला. हे तारे दोनशे वर्षांच्या आसपास कापडावरच भरले जात : रुपेरी कलाबतू, टिकल्या, आत पुठ्ठा. धातूचे तारे सर्रास झाले ते एकोणिसाव्या शतकात. म्हणून एखाद्या जुन्या डगल्यावर भरतकामाचा तारा दिसला तर तो नाटकाच्या पेटीतला म्हणून फेकून देऊ नये. अर्थात लग्नाच्या बँडवाल्यांच्या डगल्यांवरचे तारेही याच घराण्यातले, त्यामुळे थोडे तारतम्य हवेच.

हिंदुस्थानसाठी ऑर्डर आखताना मोठी अडचण क्रुसाची होती. युरोपातल्या बहुतेक ऑर्डरांचे चिन्ह क्रूस किंवा संत. हिंदू, मुसलमान, शीख राजांच्या छातीवर तो चढवायचा कसा? म्हणून क्रूस वगळला, संत वगळला, तारा आणि गुलाब घेतले, आणि पहिल्या वर्गाचे नेहमीचे नाव ‘ग्रँड क्रॉस’ बदलून ‘ग्रँड कमांडर’ केले. इंडियन एम्पायरच्या साखळीत हत्ती, मोर, कमळ आणि गुलाब घातले. आपल्याकडची जुनी रीत निराळीच होती. शिरपेच, कलगीतुरा, चौकडा (मोत्यांचे कर्णभूषण), खिलत (मानाचा पोशाख), पालखी, अब्दागीर (मानाची छत्री), माहीमरातब (माशाच्या आकाराचे मानचिन्ह) यांवरून दरबारात माणसाचा दर्जा कळे. बिल्ल्याची गरज भासत नव्हती.

आता जुन्या छायाचित्रांकडे. पहिल्या वर्गाचा धारक सुमारे ४ इंच रुंद पट्टा, म्हणजे सॅश, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे घेतो, चिन्ह कमरेशी गाठीखाली लोंबते आणि तारा छातीच्या डाव्या बाजूला असतो. दुसऱ्या वर्गाला सॅश नाही. गळ्यात फितीला चिन्ह आणि छातीवर तारा. तिसऱ्याला फक्त चिन्ह, तेही १९१७ पर्यंत छातीवर आणि त्यानंतर गळ्यात. या तारखेवरून छायाचित्राचा काळ ठरवायला मदत होते. साखळी, म्हणजे कॉलर, फक्त ठरलेल्या मोठ्या प्रसंगी घालायची आणि ती घातली की त्या ऑर्डरची सॅश घालायची नाही. एकाच ऑर्डरची सॅश आणि कॉलर दोन्ही दाखवणारे चित्र बहुतेक वेळा नंतरच्या चित्रकाराने कल्पनेने काढलेले असते.

सॅश डाव्या खांद्यावरून आणि तारा उजव्या छातीवर दिसला, तर काचेची प्लेट (निगेटिव्ह) छापताना उलटी ठेवली गेली असावी. खात्रीसाठी पुरुषी कोटाची बटणे पाहावीत, डावी बाजू उजवीवर यायला हवी. तलवार डाव्या कमरेला हवी. गार्टर आणि थिसल या ऑर्डरांची सॅश मात्र खरोखरच डाव्या खांद्यावरून असते, त्यामुळे नुसत्या सॅशवरून निकाल देऊ नये. छायाचित्र उलटे असूनही तसेच मोठे करून दिवाणखान्यात लावलेले अनेकदा आढळते.

रंगांचे तर विचारूच नका. त्या काळच्या प्लेटांवर निळा रंग पांढुरका उमटे आणि तांबडा काळसर. फिकट निळी सॅश कृष्णधवल चित्रात जवळजवळ पांढरी दिसते, तिच्या पांढऱ्या कडा ओळखूच येत नाहीत. आता संगणकावर रंग भरणारे तिथे मनाला येईल तो रंग ओततात, कधी लाल, कधी भगवा. राजर्षी शाहू महाराजांकडे जीसीएसआय (स्टार ऑफ इंडिया), जीसीव्हीओ (रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डर) आणि जीसीआयई (इंडियन एम्पायर) अशा तीन ऑर्डरी होत्या. पहिलीची फीत फिकट निळी, कडा पांढऱ्या. दुसरीची गडद निळी, कडांना तांबडा-पांढरा-तांबडा. तिसरीची साधी गडद निळी. त्यांच्या चित्राला रंग देणाऱ्याने आधी छातीवरचे तारे पाहून सॅश कोणती ते ठरवावे, मग रंगाला हात घालावा.

लष्करी घरांत ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ सापडते. ही १८३७ ची, कंपनी सरकारच्या काळातली. पहिल्या वर्गाला ‘सरदार बहादूर’, दुसऱ्याला ‘बहादूर’. हिचे चिन्ह गळ्यात घालत. पहिली फीत आकाशी होती, पण वर्षभरातच ती किरमिजी केली. डोक्याच्या तेलाने आकाशी फीत मळत असे, असे कारण सांगितले जाते. सहा टोकांचे पितळी रंगाचे तारे दुसऱ्या महायुद्धातले. ती मोहिमेची पदके, ऑर्डर नव्हे. त्यांनाही मान आहेच, पण ती वेगळ्या पेटीत ठेवावीत.

चार हुतात्म्यांच्या सोलापुरात इंग्रजांचे बिल्ले कशाला जपायचे, असे कोणी विचारील. जपायचे ते कागदपत्र म्हणून. कोणाला किताब मिळाला, कोणी परत केला, कोणी घेतलाच नाही, हे त्या काळाचे राजकारण आहे. गांधीजींनी १९२० मध्ये कैसर-ए-हिंद सुवर्णपदक परत केले. ते पदक होते, ऑर्डर नव्हे. रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये ‘सर’की नाकारली, पण ते नाइट बॅचलर, म्हणजे कोणत्याही ऑर्डरचे सभासद नसलेले ‘सर’, होते आणि त्या वर्गाला १९२६ पर्यंत बिल्लाच नव्हता, तेव्हा ‘रवींद्रनाथांनी पदक परत पाठवले’ हे वाक्य खोडावे. आणि हो, राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने किताब बंद झाले आहेत. भारतरत्न आणि पद्म पुरस्कारही नावाच्या मागे-पुढे लावता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांनी हे भिंतीवर लावून ठेवावे.

आता चिंच-मिठाकडे येतो. मीना म्हणजे काचेची भुकटी, सुमारे ८०० अंशांच्या आसपास भट्टीत धातूवर वितळवून बसवलेली. धातू आणि काच सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे कडांना बहुधा बारीक तडे असतात. चिंचेचे आम्ल त्या तड्यांतून आत जाते आणि चांदीतल्या तांब्याला धरते. मिठातला क्लोराइड खाचांत राहतो आणि पुढे वर्षानुवर्षे हिरवट-करडी बुरशी आल्यासारखा दिसतो. वरचा मीना कधीतरी कवचासारखा निघून येतो. मुलामा असेल तर आणखी वाईट : चांदीवरचा सोन्याचा थर काही मायक्रॉनचा असतो, घासण्याच्या दोन-चार बैठकांत नाक, मुकुट आणि अक्षरे पांढरी पडतात. भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, राख, रिठ्याच्या पाण्यात भिजवणे, सराफाकडचे अल्ट्रासॉनिक यंत्र, सगळे वर्ज्य. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढावी आणि थांबावे. चांदीवरचा काळपटपणा हा सल्फाइडचा पातळ थर आहे, त्याने खालची चांदी सडत नाही. खाचांतल्या काळेपणामुळेच कोरीव काम उठून दिसते.

कडी तुटली म्हणून डाक लावायला देऊ नये. ज्योतीच्या आचेने मीना तडकतो आणि ऑनिक्सचा कोरीव चेहरा निसटतो. उघडमिट करता येणारी साधी कडी थंड हाताने बसवून घ्यावी. ताऱ्याचा कोन वाकला असेल तर वाकलेलाच राहू द्यावा. सरळ करताना मीन्याचे टवके उडतात.

फितीबद्दल सोलापूरकरांना जास्त सांगायला नको, पण सांगतो. या फितींचे पट्टे लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे रंग ताण्यात आणि बाणा एकाच रंगाचा. साध्या विणीत बाणा मधून डोकावतो आणि रंग मळकट दिसतो. म्हणून ताणा दाट आणि बाणा जाड ठेवून आडव्या कण्यांची (उठावदार रेघांची) वीण घालतात. त्यात बाणा पूर्ण झाकला जातो. दोन्ही काठ विणलेले असतात. रुंद सॅटिन कापून केलेल्या फितीचे काठ सुटतात किंवा डिंकाने चिकटवलेले असतात, बदललेली फीत यावरून लगेच ओळखता येते. काही फितींवर पाण्यासारखी लहर दिसते. ती विणीत नसते. कण्यांचे कापड दुहेरी करून गरम रुळांखाली प्रचंड दाबाने काढले की कणे काही जागी चपटे होतात आणि प्रकाश वेगळा परततो, ती ही लहर. पाणी लागले की रेशीम फुगते, कणे उठतात आणि लहर कायमची जाते. म्हणून फीत धुवायची नाही आणि इस्त्रीही करायची नाही. जीर्ण झाली तरी फेकायची नाही. प्रदर्शनासाठी नवी हवी असेल तर ती वेगळी लावावी आणि जुनी पाकिटात घालून सोबत ठेवावी.

स्थानिक संस्था गौरवपदके काढतात, त्यांनी या बाबतीत परमवीर चक्राकडे पाहावे. सावित्रीबाई खानोलकरांनी आखलेले हे पदक काशाचे, व्यास ३५ मिलिमीटर. मध्ये राजमुद्रा, भोवती चार वज्रे. फीत ३२ मिलिमीटर रुंद, एकरंगी जांभळी. एवढेच. आपल्याकडे तेवढ्याच जागेत सिद्धेश्वर मंदिर, हुतात्म्यांचा पुतळा, चादर, संस्थेचे बोधचिन्ह आणि अध्यक्षांचे नाव कोंबतात आणि दोन हातांवरून काहीच वाचता येत नाही. ३२ मिलिमीटरची फीत आपल्या मागांवर विणता येण्यासारखी आहे. त्यासाठी परगावाहून चकचकीत नायलॉन आणण्याची गरज नाही.

नकलांबद्दल थोडेसे. अस्सल चिन्हांवरचे आकार ठशाखाली दाबून काढलेले, नकला बहुधा ओतीव. ओतीव वस्तूच्या सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या गोल असतात, काठावर जोडाची रेघ असते. अस्सल वस्तूवरून साचा केला असेल तर थंड होताना धातू आकसतो, त्यामुळे नक्कल एक-दोन टक्क्यांनी लहान भरते. व्हर्नियर कॅलिपर लावल्यास हे कळते. मीन्याच्या जागी रंगवलेली राळ असेल तर दहापट भिंगाखाली ब्रशच्या रेषा दिसतात आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली तो तुकडा वेगळा चमकतो.

ठेवताना लोकरीत गुंडाळू नये आणि रबरबँड लावू नये, दोन्हींत गंधक असते. पीव्हीसीची पाकिटे चिकट होतात. आपल्या या वृत्तपत्राचा कागदही, माफ करा, याला चालत नाही. तो आम्लधर्मी आहे. खळ काढून धुतलेले मांजरपाट उत्तम. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवून पावसाळ्यात ती बदलावी. डांबरगोळ्या नकोत, कडुनिंबाचा पालाही नको. पाल्याचे डाग रेशमावरून जात नाहीत.

मूळ पेटी, सनद, वॉरंट आणि सोबतचे पत्र वस्तूपासून वेगळे करू नये. सनदेवरची तारीख बहुतेक वेळा १ जानेवारीच्या किंवा जूनमधल्या राजाच्या वाढदिवसाच्या सन्मानयादीशी जुळते, त्या आधारे गॅझेटमध्ये नाव शोधता येते. दोन्ही बाजूंचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे, वजन ०.१ ग्रॅमपर्यंत लिहावे. मोडीत देणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की काट्यावर फक्त चांदीचे वजन होते, नावाचे नाही. आणि वस्तू १०० वर्षांहून जुनी व ऐतिहासिक महत्त्वाची असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी लिलावाचे आमिष दाखवणाऱ्या दलालाला हे आधी विचारावे.

त्या चौकटीतला सल्ला मागे घेतल्याची ओळ पुढच्या अंकात, शक्यतो त्याच जागी, छापावी ही विनंती. मूळ बिल्ल्याचे मालक मध्यभागाचे स्पष्ट छायाचित्र आपल्याकडे पाठवतील, तर किताब कोणता ते त्यासोबतच छापता येईल.

आपला,
जुन्या मानचिन्हांचा एक अभ्यासक
सोलापूर